लंकेवरची पाठवणी

आमच्या घरामागे एक तळं आहे. अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनमध्ये, अशी तळी प्रत्येक वसाहतीच्या मागे असतात. पावसाचं पाणी साठावं म्हणून बिल्डरने खणलेली, मधोमध कारंजं, कडेने गवत आणि गवतावर कॅनडा गीजची, म्हणजे रानहंसांची, घाण. घर घेताना एजंटने 'वॉटर व्ह्यू' म्हणून त्याचं कोण कौतुक केलं होतं. माझे सासरे इथे पहिल्यांदा आले तेव्हा काठी टेकत त्या तळ्याला एक चक्कर मारून आले आणि मला म्हणाले, "अम्मा, हे पाणी कुठं जायलंय?"

"कुठेच नाही," मी म्हटलं. "इथेच असतं."

"मग त्याला पाणी कशाला म्हणायचं?" ते म्हणाले, आणि त्यानंतर त्यांच्या खोलीचा तळ्याकडचा पडदा कायम ओढलेलाच राहिला. ती खोली खरं तर आमच्या मुलीची. ती कॉलेजला दुसऱ्या राज्यात गेली आणि तिच्या जागी मामय्या आले. मामय्या म्हणजे सासरे, तेलुगूत तसंच म्हणतात, आणि ते मला अम्मा म्हणतात कारण तिकडे कुठल्याही मुलीला मायेने अम्माच म्हणतात. तरुणपणी काही वर्षं ते नांदेडला रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरीला होते. थोरला भाऊ गेल्यावर नोकरी सोडून घरी परतले, पण नांदेडची मराठी त्यांनी जन्मभर जपली. माझा नवरा पुण्यात इंजिनिअर होऊनसुद्धा माझ्याशी निम्मं इंग्रजीत बोलतो, आणि हा सत्तरी ओलांडलेला नारळवाला माणूस 'काय करायलीस', 'कुठं चाललीस' असं ठसक्यात विचारतो. या देशात माझ्याशी धड मराठी बोलणारं माणूस म्हणजे माझे तेलुगू सासरे, असं मी सगळ्यांना सांगते.

मी नाशिकची. लग्न ठरलं तेव्हा मुलगी गोदावरीच्या उगमाची आणि मुलगा मुखाचा, याची आमच्याकडे फार गंमत वाटली होती. माझी आत्या तर नदीनेच जुळवून आणलं असं सांगत सुटली होती. मामय्यांना ते अजिबात मान्य नव्हतं. "तुमचं पाणी आमच्यापर्यंत पोचतच नाही," ते म्हणत. "अर्धं तुम्ही पिता, अर्धं अडवता. आम्हाला येतं ते प्राणहितेचं, इंद्रावतीचं, शबरीचं. नाव तेवढं तुमचं." माझे वडील पाटबंधारे खात्यात होते, धरणं आणि कालवे याखेरीज त्यांनी आयुष्यात दुसरं काही पाहिलं नाही. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी हे दोघे व्याही मांडवाच्या कडेला खुर्च्या टाकून मातीवर भांडत बसले. "पाणी ठेवा हो तुमचं," मामय्या म्हणत होते, "पण माती तरी सोडा. आमचा अख्खा जिल्हा तुमच्याकडच्या मातीचा झालाय." वडील म्हणाले, "माती धरणाच्या तळाशी जाऊन बसते, तिला आम्ही काय करणार?" दोघेही हसले. दोघांचं पुढे छान जमलं. वडील जाईपर्यंत दर दिवाळीला फोन असायचा.

त्या जिल्ह्यात मी पहिल्यांदा गेले ते लग्नानंतर. इंग्रजांच्या काळातल्या लांबलचक बंधाऱ्याखाली नदीला फाटे फुटतात, फाट्यांना ऋषींची नावं आहेत, आणि फाट्यांच्या मधला सगळा मुलूख भात, केळी आणि नारळ यांनी गच्च भरलेला. रस्त्याला समांतर कालवा, कालव्यात बदकं, म्हशी आणि पोहणारी मुलं. मला सगळ्यात विचित्र वाटलं ते हे की तिथे दगड नाही. नाशिकच्या माणसाला पायाखाली काळा पाषाण लागतो, नाहीतर चैन पडत नाही. तिथे कितीही खणा, मातीच. नारळ आपटायचा म्हटलं तरी दगड मिळेना, तेव्हा सासूबाईंनी हसत कोयता हातात दिला. सासरचं गाव तर जमिनीवरही नव्हतं. नदीच्या पात्रात गाळाची लांबट बेटं झालेली आहेत, त्यांना तिकडे लंका म्हणतात. पूल नाही. गॅसचं सिलिंडर, मोटारसायकल, म्हैस, नवरी, सगळं नावेतूनच जातं. मीही शालू सांभाळत एका मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसून नावेतून सासरी गेले, कारण नावेत बसायला तेवढीच कोरडी जागा होती.

लंकेवरची माणसं बोलघेवडी, चेष्टेखोर आणि तिखटाला कधीही नाही न म्हणणारी. नदीबद्दल मात्र ती घरातल्या दारुड्याबद्दल बोलावं तशी बोलत. "परवा रात्री आली होती, जांभळाखालचं सगळं घेऊन गेली." "यंदा बरी वागली." तक्रार होती, पण कुठे करायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दर पावसाळ्यात लंकेचा एक काठ ढासळायचा आणि दुसरीकडे थोडी नवी रेती पडायची. घरं कौलारू आणि लाकडी, काठ जवळ आला की उतरवून आत नेता येतील अशी. अंतर मोजायचं ते नारळाच्या रांगांनी. फुटात किंवा मीटरमध्ये कुणी बोलत नसे. नदी आणि तुमचं घर यांच्यामध्ये बागेच्या किती रांगा उरल्या, एवढंच विचारायचं. लग्न जमवतानाही विचारत, असं सासूबाई मला सांगत होत्या. त्यांच्या वडिलांनी होकार दिला तो रांगा मोजूनच.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा तिथली एक रीत पाहिली. त्यांच्याकडे माणसाला जाळत नाहीत, पुरतात, तेही आपल्याच बागेत. वर सिमेंटची छोटी समाधी बांधतात. पुरायचं ते नदीपासून सगळ्यात लांबच्या बाजूला, पण शेवटी ते बेट; कधी ना कधी नदी तिथवर येतेच. मेलेल्याला तिथून हलवायचं नाही. एकदा ठेवलं ते ठेवलं. मात्र समाधी आणि पाणी यांच्यात शेवटची रांग उरली की घरच्या माणसाने नावेतून काठाच्या पायथ्याशी जायचं आणि त्या माणसाला नदीकडे पाठवायचं. बाईची समाधी असेल तर नवऱ्याने, नवरा नसेल तर मुलाने. सुपात हळद, कुंकू, बांगड्या, तांदूळ, गूळ आणि कोरी साडी घ्यायची, नदीला सांगायचं की ही आमची अमुक, तुझ्याकडे माहेरी पाठवतोय, हिला सांभाळ. मग ते सूप पाण्यावर सोडायचं. आपल्याकडे लेकीची ओटी भरून पाठवणी करतात, तशीच ही पाठवणी. त्या दिवशी एक म्हातारा गृहस्थ आपल्या आईला पाठवत होता. सगळं गाव काठावर उभं होतं. नंतर सगळ्यांना त्यांच्याकडे जेवायला बोलावलं होतं, भात, पप्पू म्हणजे त्यांचं वरण, आणि आंब्याचं लोणचं. पुढच्याच आठवड्यात तो काठ समाधीसकट गेला, आणि त्या घरात कुणी रडलं नाही. मी सासूबाईंना विचारलं, नाही पाठवलं तर काय होतं? त्या म्हणाल्या, "मग ती गेली असं म्हणत नाहीत. ओढून नेली म्हणतात." तिथल्या लोकांना जमीन जाण्याचं दुःख होतं, पण भीती होती ती याची.

सासूबाई गेल्या त्या साध्या तापाने. नाव मिळायला उशीर झाला, पलीकडे गाडी मिळायला उशीर झाला, आणि तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा समाधीचं सिमेंटही वाळलं होतं. त्यांना पूर्वेच्या टोकाला ठेवलं होतं, कारण तेव्हा नदी पश्चिमेचा काठ खात होती. मधे बागेच्या इतक्या रांगा होत्या की नदी दिसतही नव्हती. आम्ही मामय्यांना एकटं ठेवायचं नाही म्हणून हट्टाने इथे आणलं. त्यांचा पुतण्या तिथेच राहतो, बाग तो बघेल, असं ठरलं. मामय्या आले खरे, पण एका अटीवर: तिची वेळ आली की मला न्यायचं. नवऱ्याने ताबडतोब हो म्हटलं. त्याला वाटलं होतं तशी वेळ त्याच्या नातवंडांच्या काळात येईल.

पुढे वरच्या अंगाला पात्रातली वाळू उपसली जाऊ लागली. त्याचा असा परिणाम झाला की प्रवाहाच्या मधोमध एक नवा रेतीचा उंचवटा तयार झाला आणि नदीने अंग वळवलं. पश्चिमेचा काठ आपोआप शांत झाला आणि पूर्वेचा ढासळायला लागला. ज्या बाजूला कधीच भीती नव्हती, तिथे ती दरसाल रांगाच्या रांगा खायला लागली. पुतण्या दर रविवारी व्हिडिओ पाठवायचा. मामय्या तो टीव्हीवर लावायला सांगत, पुढे सरकून बसत आणि बोटाने रांगा मोजत. मोजून झालं की बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन येत.

त्याच सुमारास त्यांच्या किडन्या गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. सेंटर एका पिझ्झाच्या दुकानाच्या आणि एका नेल पार्लरच्या मधे आहे. मी गाडीने नेते, कारण माझं काम घरून चालतं आणि नवऱ्याचं नाही. मशीनला जोडल्यावर मामय्या डोळे मिटून घेतात. नर्सला वाटतं त्यांना झोप लागते. मला ते एकदा म्हणाले, "हे मी जगायला नाही करायलोय, अम्मा. मला तिकडं एकदा जायचंय, तेवढं होईपर्यंत करायलोय." डॉक्टरही यापेक्षा वेगळं काही सांगत नव्हते.

या उन्हाळ्याआधी आम्ही खरंच सगळं ठरवलं होतं. तीनच रांगा उरल्या होत्या. जिल्ह्याच्या गावात डायलिसिसची सोय लावली, मी सुट्टी घेतली, तिकिटं काढली. तिथे खोली घेऊन राहायचं, मधल्या एका दिवशी नावेने लंकेवर जायचं, पाठवणी करायची आणि परत यायचं, एवढाच बेत होता. मामय्यांनी महिनाभर आधी दाढी करायची बंद केली, तिकडे जाऊन गावच्या न्हाव्याकडूनच करीन म्हणाले. निघायच्या आठवड्यात हाताच्या फिस्टुलात, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचतात त्या शिरेत, इन्फेक्शन झालं. हॉस्पिटलात ठेवलं, ताप उतरेना, आणि शेवटी डॉक्टरांनी विमानप्रवासाला सरळ नाही सांगितलं. घरी आणलं तेव्हा त्यांनी स्वतःच वस्तरा मागून घेतला आणि दाढी केली. मी नवऱ्याला म्हटलं, रडून घे. त्याने लॅपटॉप उघडला.

व्हिडिओ कॉलची कल्पना त्याचीच. पुतण्या नावेतून काठाच्या पायथ्याशी जाईल, सूप तो धरेल, फोनवरून मामय्या सासूबाईंचं नाव घेऊन बोलतील, आणि मग तो सूप सोडेल. मामय्यांनी आधी उडवून लावलं. "नवरा जिवंत असताना पुतण्याच्या हातून कशी होईल पाठवणी? तिला काय वाटेल?" मी मधे पडले नाही. पण पावसाळा सुरू झाला, दोन रांगा उरल्या, मग एक, आणि एका सकाळी ते स्वतःच स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "पाण्याला आवाज तरी जाईल ना माझा?"

"जाईल, मामय्या. स्पीकरवर ठेवू," मी म्हटलं.

"मग करू."

सासूबाईंनीच मला दिलेली एक सुती साडी होती, हिरवी, तपकिरी काठाची, तिकडच्या मागावरची. मी तिची घडी कधी मोडली नव्हती. तशीच दुसरी तिथे पुतण्याला मिळेल की नाही याची मामय्यांना शंका, म्हणून मी ती काढून त्यांना दाखवली, फोटो पाठवला, आणि पुतण्या पलीकडच्या गावातून जवळजवळ तशीच घेऊन आला. रीत म्हणून इथेही एक सूप मांडायचं असं मामय्यांनी ठरवलं. सूप कुठून आणणार? स्टीलच्या ताटात हळदकुंकू, बांगड्या, तांदूळ, गूळ मांडला, वर ती साडी ठेवली. ताट देवघरापुढे झाकून ठेवलं.

आता पुढे जे झालं ते इथल्याच माणसांच्या हातून होऊ शकतं. आमच्याकडे सण तिथीला होत नाहीत, सोयीला होतात. मंडळाचा गणपती एखाद्या शाळेच्या जिममध्ये येतो तो जवळच्या शनिवारी, आणि त्याच दिवशी तिन्हीसांजेला त्याचं विसर्जन होतं, कारण हॉल तेवढाच वेळ असतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी मार्चमध्येही गेले आहे. माझ्या वडिलांचं वर्षश्राद्ध भावाने आणि मी रविवारी उरकलं. सुरुवातीला हसू यायचं, मग त्याचं काही वाटेनासं झालं. त्यामुळे बुधवारी पुतण्याचा फोन आला तेव्हा आमच्यापैकी कुणालाच आपण काय बोलतोय हे जाणवलं नाही.

पुतण्या म्हणाला की वरून पाणी येतंय, बंधाऱ्यावर धोक्याचा इशारा दिलाय, आज नाही तर उद्या करून टाकू. नवरा म्हणाला, "उद्या माझ्या सॉफ्टवेअरची रिलीज आहे, परवा नान्नांचं डायलिसिस. शनिवारी करू या. तिकडचे संध्याकाळचे पाच, आपल्याकडे सकाळ. पिल्लूही घरी येईल, सगळे असू." नान्ना म्हणजे वडील, पिल्लू म्हणजे आमची मुलगी. पुतण्या वयाने लहान, आणि हा अमेरिकेतला थोरला भाऊ. "सरे, अन्नय्या," तो म्हणाला. बरं, दादा. एवढंच.

मी मामय्यांकडे पाहिलं. त्यांनाही इथे राहून सवय झाली होती. या घरात जे काही महत्त्वाचं होतं ते शनिवारीच होतं, हे त्यांना ठाऊक होतं. ते फक्त म्हणाले, "त्या दिवशी मला पांढरं धोतर काढून ठेव." मी काढून इस्त्री करून ठेवलं.

शुक्रवारी त्यांना मशीनला जोडून मी बाहेर गाडीत बसले होते, मीटिंग कानात चालू होती. पुतण्याचा मेसेज आला. फोन केला नव्हता त्याने, तिकडच्या सकाळी काढलेला व्हिडिओ पाठवला होता. तांबूस पाणी, त्यावर वाहत जाणारी झावळ्यांची शेंडी, आणि काठ म्हणून जे होतं ते एकदम आत, ओळखू न येणाऱ्या जागी. शेवटची रांग नव्हती. समाधी नव्हती. मागे त्याच्या बायकोचा आवाज येत होता, ती त्याला व्हिडिओ बंद करायला सांगत होती. मी तो तीन-चारदा पाहिला, जणू एखाद्या वेळी समाधी दिसेल. मग नवऱ्याला फोन लावला. काय झालं तेवढं सांगितलं आणि ठेवून दिला. त्या वेळी मी त्याला काहीही म्हटलं असतं तरी ते खरंच ठरलं असतं.

मामय्यांना आत जाऊन सांगायचं धाडस झालं नाही. त्या खुर्चीत माणूस सुयांनी बांधलेला असतो, उठूनही जाता येत नाही. संपेपर्यंत थांबले. गाडीत बसवलं, पट्टा लावला आणि पार्किंगमध्येच सांगितलं. पिझ्झाचा वास येत होता.

त्यांनी समोर बघतच विचारलं, "कोण होतं तिथं?"

"कुणी नव्हतं, मामय्या. रात्रीत गेलं. सकाळी पाहिलं त्यांनी."

"सूप?"

"घरातच होतं."

मग ते तेलुगूत, माझ्यासाठी नव्हे, स्वतःशीच म्हणाले की ओढून नेली. मला तेवढं तेलुगू येतं.

शनिवारी मुलगी घरी आली होती. नवरा धोतर नेसून तयार बसला होता, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. मामय्या आंघोळ करून रोजच्या पायजम्यात आले आणि चहा मागितला. ताट अजून झाकलेलंच होतं. मला ते बघवेना. मी म्हटलं, आपण सायोटोवर जाऊ या का. सायोटो म्हणजे आमच्या गावातून जाणारी नदी, दोन्ही बाजूंनी चुनखडीचे कडे, पूल, खाली कयाक चालवणारे लोक. मी म्हटलं, आमच्या नाशकात तर प्रत्येक नदीला गंगाच म्हणतात, सगळं पाणी शेवटी एकच. हे मला स्वतःला पटलेलं होतं की नाही कोण जाणे, पण काहीतरी करायला हवं होतं. ते यायला तयार झाले. पुलाखाली पायऱ्या आहेत, तिथवर धरून नेलं. पाणी स्वच्छ होतं, तळाचे दगड दिसत होते.

"हिचं पाणी कुठं जायलंय?" त्यांनी मुलाला विचारलं.

नवऱ्याने खालमानेने सांगितलं, "ओहायो नदीत, नान्ना. तिथून मिसिसिपी. मग समुद्र."

"कुठला समुद्र?"

"मेक्सिकोचं आखात."

"तिकडं कोण आहे तिचं?" मामय्या म्हणाले.

मुलगी माझ्या कानात म्हणाली, "मॉम, कॅन वी जस्ट गो होम?" आम्ही ताट तसंच परत आणलं. साडी मी कपाटात ठेवली. तांदूळ रविवारी भातात शिजले, कारण टाकून देणार तरी कसे.

नवऱ्याने त्या संध्याकाळी वडिलांचे पाय धरले. तो असा माणूस नाही, त्याला रडतानाही मी लग्नानंतर एकदाच पाहिलंय. चुकलं माझं नान्ना, बुधवारीच करायला हवं होतं, असं तो परत परत म्हणत होता. मामय्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "तुझं काय चुकलं रे? तुला सुट्टी नव्हती." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं, कदाचित त्यालाही. त्या माणसाने आमची अडचण मनापासून समजून घेतली होती, आणि ते ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

पुतण्या आता लंका सोडून पलीकडे राहायला गेला आहे. घर उतरवून कौलं नेली, बाग होती तिथवर पाणी आलं. रविवारचे व्हिडिओ बंद झाले. रविवारी त्या वेळेला मामय्या टीव्हीसमोर बसतात, आणि मी काहीतरी लावून देते, क्रिकेट, भजन, जे लागेल ते. ते बघत नाहीत. मला वाटलं होतं ते डायलिसिसला यायचं नाकारतील. मी तयारही होते, काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. पण सोमवारी सकाळी ते कोट घालून, बूट घालून दारात उभे. "तू कामं सोडून नेतेस," ते म्हणाले, "नाही कसं म्हणू?" आता ते माझ्यासाठी जातात. त्यांच्यासाठी जायला काही उरलेलं नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे आणि गाडीत आम्ही त्याबद्दल बोलत नाही.

फक्त गेल्या आठवड्यात ते बोलले. सिग्नलला गाडी थांबली होती. "अम्मा, एक सांगायचं होतं," ते म्हणाले. "मला पुरू नका. कुठं पुरणार इथं? जाळा. पण एक कर. शनिवारची वाट बघू नका. ज्या दिवशी जाईन, त्याच दिवशी करा. तेवढं सांभाळ."

मी हो म्हटलं. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, आणि मी गाडी काढली. इथे माणूस गेला की हॉस्पिटलचे कागद होतात, मग फ्युनरल होम तारीख देतं, बाहेरगावचे येतात, मुलांच्या परीक्षा बघतात. अठरा वर्षांत आमच्या ओळखीतल्या जेवढ्या अंत्यविधींना मी गेले, ते सगळे शनिवारी होते.